नियम क्रमांक नऊ

रविवारी सकाळी आठ वाजता रीताने नवऱ्याच्या नव्या जाकिटाची बटणं लावली, खांद्यावरचा दोरा काढला आणि विचारलं, "विषयपत्रिका पूर्ण वाचली का तुमी?"

"वाचली ना," धनंजय आरशात पाहत म्हणाला. "विषय तीन. अध्यक्षाची निवड. अजून काय पाहिजे?"

"तिसऱ्याच्या आधी दुसरा असते."

धनंजयने मोबाइल उचलला. वरठीच्या कारखान्यात तो पाळीचा सुपरवायझर होता, तिथल्या क्वार्टरमध्ये राहायचा आणि शनिवारी संध्याकाळी मोटरसायकलने पवनीला घरी यायचा. विषयपत्रिका आठ दिवसांपूर्वीच आली होती, पण त्याने आपल्या कामाच्या ओळीवरच बोट ठेवलं होतं. आता तो वर गेला. विषय दोन : नियम क्रमांक नऊ रद्द करणे. सूचना मांडणार : कु. दुर्गा वलथरे.

"नऊ म्हंजे कोनता?"

"संस्थेचा लाभ घेणारी व्यक्ती मंडळावर येऊ शकणार नाही, तो," रीताने सांगितलं. "आईनंच लिहून घेतला होता, बावीस वर्षांपूर्वी."

धनंजय पलंगावर बसला. "दुर्गाले मंडळावर याचं आहे?"

"मंडळावर नाई. अध्यक्ष व्हाचं आहे."

"तुले माहीत होतं?"

"माहीत होतं."

"अन् मले सांगितलं नाई."

"तुमाले तिनं सांगाव, असं वाटत होतं मले. ती तं रोज इथीच असते. तुमी शनिवारी येता, तिच्या डोक्यावर हात ठेवता, अन् आईले विचारता, दुर्गा बरी आहे ना."

धनंजयने मोबाइल खिशात टाकला. तो रागावला आहे हे रीताला दिसत होतं आणि तिला त्याची थोडी दयाही आली. ती या घरात लग्न होऊन आली, तेव्हा तिच्याशी पहिल्यांदा मनापासून बोललं ते या आंधळ्या-बहिऱ्या नणंदेनं. तळहातावर बोटाने एकेक अक्षर काढायला दुर्गानेच तिला शिकवलं. सासूबद्दलच्या तक्रारी सासूसमोर बसून करता येतात, हे त्या दोघींना पहिल्याच महिन्यात कळलं होतं.

"जाकीट छान दिसून राहिलं," रीता म्हणाली. "चला, उशीर होईल."

*

'सांगाती' संस्था पवनीत एका जुन्या धानगिरणीच्या इमारतीत होती. त्या दिवशी अंगणात मंडप होता. जिल्ह्यातली एकतीस अंधबधिर माणसं आणि त्यांच्या घरचे लोक जेवायला येणार होते, कारण सत्यभामाबाई वलथरे त्र्याहत्तराव्या वर्षी अध्यक्षपद सोडत होत्या. आतल्या खोलीत मंडळाचे पाच सभासद बसले होते. सत्यभामाबाई, त्यांचा मुलगा धनंजय, त्यांचा धाकटा भाऊ मुरारी, चिटणीस निर्मलाबाई आणि आसगावकडचे शेतकरी लिलाधर लांजेवार. नियम बदलायचा तर पाचांपैकी चार हात वर व्हायला हवे होते.

सहावी खुर्ची दुर्गाची होती. पंचेचाळीस वर्षांची, केस घट्ट बांधलेली, मांडीवर ब्रेलचा कागद. तिच्या उजवीकडे तिची भाची डिंपल, धनंजय आणि रीताची मुलगी. डिंपल दुभाषी म्हणून आली होती. आत्याचा डावा तळहात तिने आपल्या हातात घेतला होता आणि खोलीत जे बोललं जाईल ते त्यावर उतरवत होती. पूर्ण अक्षरं फक्त नव्या शब्दांना. बाकी त्या दोघींच्या खुणा होत्या. मनगटावर दोन टिचक्या म्हणजे आजी, अंगठ्यावर दाब म्हणजे बाबा.

सत्यभामाबाईंचा अध्यक्षपदाचा राजीनामा मंजूर झाला. निर्मलाबाईंनी विषय दोन वाचला.

दुर्गा उभी राहिली. नवव्या वर्षी मेंदूज्वराने तिची नजर आणि कान दोन्ही गेले होते, पण तोंडातली भाषा तशीच राहिली होती. तिचा आवाज मोठा आणि सपाट होता. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या त्यांच्या गावात माणसं जशी बोलत, तशी ती बोलायची. बाकी घर पवनीत येऊन थोडं बदललं होतं.

"नियम नऊ काढून टाका," ती म्हणाली. "मी इथी लाभ घ्याले येत नाई. अकरा वर्सं झाली, मी शिकवून राहिली. रजिस्टरात माझं नाव अजून लाभार्थी नंबर एक म्हनून आहे. थे चुकीचं आहे. हा नियम गेला, तं तीन नंबरच्या विषयात माझं नाव धराव. मले अध्यक्ष व्हाचं आहे."

ती बसली. डिंपलने तळहातावर लिहिलं, सगळे गप्प आहेत. दुर्गाने मान हलवली.

मुरारीने खाकरून सुरुवात केली. उभं आयुष्य त्याने नदीत जाळं टाकण्यात घालवलं होतं आणि धरणानंतर तलावाच्या मच्छीमार सोसायटीत तो दहा वर्षं सचिव होता. "आता पाहा, दुर्गा आपली पोरगी आहे. तिच्यावर जीव नाई असा इथी कोनी नाई. पन हे काम खेळ नोहे. सरकारी कागद येते, साहेब येते. उद्या कोनी चुकीच्या कागदावर सही घेतली तं? तिले समजन का?"

डिंपलचं बोट चालू होतं.

मुरारीने ते पाहिलं. "हे नको लिहू वो तिच्या हातावर. वाईट वाटन तिले."

"लिहून झालं, आजोबा," डिंपल म्हणाली.

"काहून लिहिलं?"

डिंपलने तेही लिहिलं. मग म्हणाली, "मी आज दुभाषी आहे. खोलीत जे बोललं जाते, ते सगळं आत्याले सांगाचं, असं ठरलं आहे. तिच्यापासून लपवाचं असेल तं बोलू नका."

घरात लहानपणापासून तिने हेच पाहिलं होतं. दुर्गा समोर बसलेली असायची आणि तिच्याबद्दल बोलणं चालायचं. तिचं लग्न, तिचं दुखणं, आईच्या मागे तिचं कसं होणार. शेवटी कोणीतरी तिच्या हातावर लिहायचं, काही नाही, असंच. आज मुरारीआजोबांची वाक्यं लिहिताना डिंपलला स्वतःचं एकही वाक्य बोलता येत नव्हतं, आणि तिच्याजवळ तर खूप वाक्यं होती.

दुर्गाने तिच्या बोटांवर हलकेच थापटलं. चालू ठेव.

"मामा," दुर्गा मोठ्याने म्हणाली, "तुमचं ऐकलं मी. अजून काय आहे थेही बोला."

मुरारीने भाच्याकडे पाहिलं. "आता तूच बोल, धनंजय. मी तुझ्याच भरवशावर बोलून राहिलो."

*

धनंजयला बोलायचं होतं. आठ दिवस त्याने भाषण मनात रचलं होतं, ते मात्र बिनविरोध निवडीनंतरचं होतं. बहिणीच्या विरोधात उभं राहण्याचं भाषण त्याच्याकडे नव्हतं. वरठीत चार जणांना त्याने सांगून ठेवलं होतं, येत्या रविवारी अध्यक्ष होतो म्हणून.

त्याच्या आधी लिलाधर लांजेवार बोलले. त्यांना सभेत बोलायची सवय नव्हती.

"माझ्या भावाचं सांगतो. कवडूचं," ते म्हणाले. "जन्मापासून ऐकू नाई आलं, अन् विशीत डोळे गेले. आमी त्याले खाऊ घालत होतो, पानी पाजत होतो. काई कमी केलं नाई. पन त्यानं कधी मागितलं नाई. आमाले वाटे त्याले काई समजत नाई. दोन शिक्षक येऊन गेले, तेही तसंच बोलले. मंग दुर्गाताई आली. चार दिवस त्याच्याजवळ ओसरीवर बसली. दोनदा त्यानं तिले ढकललं. ती पुन्हा बसली. पाचव्या दिवशी माझ्या बायकोनं पान्याचा गिलास आनला, तं कवडूनं तिच्या मनगटावर तीन बोटं टेकवली. पानी. त्यानं मागितलं. त्या वक्ती तो चौतीस वर्सांचा होता." त्यांनी स्वतःच्या मनगटावर तीन बोटं टेकवून दाखवली. "माझी बायको तो गिलास हातात धरून रडत बसली, पानी द्याचंच विसरली. एवढंच सांगतो."

डिंपलने हे सगळं लिहिलं. दुर्गा म्हणाली, "गिलास पितळेचा होता. जड होता."

निर्मलाबाई हसल्या. लिलाधरही हसले.

मग दुर्गाने मान वळवली, धनंजय जिथे बसला होता तिकडे बरोबर. "दादा, तुले एक विचारतो. तू अध्यक्ष झाला तं पहिल्या वर्सात काय करशील?"

हे धनंजयला येत होतं. त्याने खिशातून कागद काढला. "समोरची भिंत पडाले आली, ते नवीन कंपाउंड. रस्त्यावर मोठा फलक. वेबसाइट. वर एक मजला, त्याच्यासाठी मी आमच्या इथल्या लोकांशी बोललो आहे."

"चांगलं आहे," दुर्गा म्हणाली. "भिंत पाहिजेच."

"अन् तू?"

विचारल्यावर त्याला जाणवलं की हा प्रश्न त्याने तिला आजवर कधी केलाच नव्हता, कसलाच.

दुर्गाने ब्रेलच्या कागदावर बोट ठेवलं, पण वाचलं नाही. "आपन पवनी, लाखांदूर अन् साकोलीत फिरलो. मोहाडी अन् तुमसरकडं कोनी गेलंच नाई. तिकडं माझ्यासारखे कोन आहेत, थे घरोघरी जाऊन पाह्याचं. पाह्यलं नाई तं लोक लपवून ठेवतेत. मंग जनाबाई. ती आता साठ वर्सांची झाली, तिची वहिनी थकली, तिले राह्याले जागा पाहिजे. रजिस्टरात सत्तावीस नंबरवर आहे, थे सून बाळंत होनार आहे, तिले लेकराचं रडनं समजाव म्हनून हातात थरथरनारं यंत्र येते, थे आनाचं. कवडूले नदीत डोंगा चालवाचा आहे. तो मले दर खेपेले विचारते. त्याच्या बापाचा डोंगा होता म्हने. त्याले सुरक्षित कसा चालवता येईन, थे मामाले विचाराचं आहे, कारन नदीचं मामाइतकं कोनाले समजत नाई." तिने कागदावरून बोट उचललं. "अन् या मंडळावर आमच्यापैकी अजून दोन जनं आनाचे. एकटी मी नाई."

धनंजयच्या हातात त्याचा कागद होता. भिंत, फलक, वेबसाइट, मजला. त्यात माणसाचं नाव एकही नव्हतं. एकतीसपैकी किती जणांची नावं आपल्याला येतात, हे तो मनात मोजू लागला आणि सहावर थांबला. त्यातली एक बहीण होती.

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. मंडपात रीता पत्रावळी मांडत होती आणि ती इकडे पाहत नव्हती.

"मत घ्या," तो निर्मलाबाईंना म्हणाला.

"नियम क्रमांक नऊ रद्द करण्याच्या बाजूने," निर्मलाबाईंनी विचारलं आणि आपला हात वर केला. लिलाधरांनी केला. मुरारीने हात छातीवर बांधले.

धनंजयने हात वर केला. तो मामाकडे पाहत नव्हता. डिंपलने आत्याच्या अंगठ्यावर दाब दिला आणि तिचं बोट तिथे थोडं जास्त वेळ राहिलं.

तीन झाले. आता सगळे सत्यभामाबाईंकडे पाहू लागले.

*

सत्यभामाबाईंचे दोन्ही हात टेबलावर होते. मासळी कापून, जाळी विणून, धरणाच्या कार्यालयात अर्ज देऊन आणि बावीस वर्षं ही संस्था ओढून ते हात वाकडे झाले होते. त्यांना सहज हात वर करता आला असता. पोरगा बदलला, मग आईला काय अडचण होती, असंच सगळ्यांना वाटत असणार.

"हा नियम मीच लिहून घेतला," त्या म्हणाल्या. "तवा लोक म्हनत, ही बाई पोरीच्या नावानं संस्था काढून राहिली अन् घर भरून राहिली. कोनी बोट दाखवू नये म्हनून लिहिला. थे एक कारन. दुसरं कारन मी कोनाले सांगितलं नाई. ही संस्था मी दुर्गाले राखाले काढली. मी गेल्यावर तिच्याभोवती मानसं असावी म्हनून. तिनं सगळ्यायले राखाव, म्हनून नाई काढली."

डिंपलने तेही लिहिलं.

"अध्यक्षाले लोक बोलतेत," सत्यभामाबाई म्हणाल्या. "मले काय काय बोलले लोक. मी ऐकलं. घरी येऊन भात शिजवला. हिले थे कायले पाहिजे? आतापावेतो हिच्या हातावर वाईट शब्द कोनी लिहिला नाई. मी लिहू देला नाई."

"आई," दुर्गा म्हणाली, "म्हनूनच तं."

त्यावर सत्यभामाबाई उठल्या. टेबलाला वळसा घालून त्या मुलीजवळ गेल्या आणि डिंपलच्या हातातून तिचा तळहात आपल्या हातात घेतला. डिंपल बाजूला सरकली. आजीच्या लिहिण्याला खुणा नव्हत्या. चौथीतल्या पोरीला अक्षरं येत होती म्हणून तापानंतरच्या त्या पावसाळ्यात सत्यभामाबाईंनी जसं लिहायला सुरुवात केली होती, तसंच त्या अजूनही लिहायच्या. पूर्ण अक्षर, पूर्ण काना, पूर्ण वेलांटी.

त्यांनी लिहिलं, मले भेव लागते.

खोलीतल्या कोणालाच ते कळलं नाही. दुर्गाने आईचं मनगट धरलं आणि तिला जमेल तितक्या हळू आवाजात म्हणाली, "मले पन लागते."

सत्यभामाबाई तशाच उभ्या राहिल्या. मुलीला धीर देण्याची त्यांना सवय होती. तिने आपल्या शेजारी उभं राहून तसंच घाबरलेलं असणं त्यांनी कधी अनुभवलं नव्हतं, आणि त्यांच्या खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. त्यांनी उजवा हात वर केला. दुर्गाने त्यांचं मनगट सोडलं नव्हतं, त्यामुळे तिचाही हात त्याच्याबरोबर वर गेला.

"चार," निर्मलाबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. "विरोधात एक. ठराव मंजूर. कागद धर्मादाय कार्यालयात जातील, तिथून मान्यता येईपर्यंत सह्या सत्यभामाबाईंच्या चालतील. विषय तीन. अध्यक्षपदासाठी नावं?"

"दुर्गा सत्यभामा वलथरे," धनंजय म्हणाला.

"दुसरं नाव?"

दुसरं नाव आलं नाही.

*

आईच्या बोटांनी दुर्गाला सांगितलं, तू झाली. मग डिंपलचा हात आला, गरम आणि ओला, आणि त्याने तेच पुन्हा सांगितलं, खुणेने आणि मग एकदा अक्षरांनी.

दुर्गाने खुर्चीचा हात चाचपला. आईने तिला आपल्या खुर्चीपाशी आणलं होतं. ती बसली. तिला वाटलं होतं छाती धडधडेल, पण धडधडत नव्हती. पहिल्यांदा एखाद्या अनोळखी माणसाचा हात हातात घेते, तेव्हा तिचं असंच व्हायचं. सगळं लक्ष एका जागी.

"माझा विरोध लिहून ठेवा," मुरारी म्हणत होता, आणि डिंपल ते लिहीत होती.

"लिहा," दुर्गा म्हणाली. "मामानं कारन दिलं थेही लिहा. सहीची गोष्ट त्यायनं बरोबर सांगितली. म्हनून पहिला ठराव मी मांडतो. कोनताही कागद ब्रेलमध्ये माझ्या हाती आल्याशिवाय त्याच्यावर माझी सही नाई. अन् माझ्याबरोबर दुसरी सही मुरारीमामाची."

तळहातावर डिंपलचं बोट आलं.

"मामाआजोबा टोपी काढून डोकं खाजवून राहिले," डिंपलने लिहिलं. मग, "ते म्हणतात, माझा विरोध आहे न वो. मले कायले घेतेस?"

"जो विचारते तोच पाहिजे," दुर्गा म्हणाली. "डोंग्याचं पन तुमालेच पाह्याचं आहे."

"ते म्हणतात, कवडू पोहते का?"

"थे तुमी पाहा."

डिंपलच्या बोटांत हसू होतं. दुर्गाला ते नेहमी कळायचं. खुणा लहान आणि जलद व्हायच्या.

"डिंपल," ती म्हणाली, "आज शेवटचं तू माझी दुभाषी. सभेत घरचं मानूस नको. तुलेही तुझं बोलाचं असते. लाखनीचा एक पोरगा शिकून आला आहे, त्याले बोलवाव."

डिंपलने लिहिलं, हो. आणि मग, आत्या, मले खूप बोलाचं आहे.

"तं संस्थेत संचालकाची पगारी जागा भराची आहे, तिच्यासाठी अर्ज कर. थो पाचवा विषय आहे. बाकीच्यांसारखीच मुलाखत होईन तुझी."

अंगणात जेवणाची पंगत बसली होती. लांब लाकडी टेबलांच्या दोन ओळी. दुर्गा आईच्या दंडाला धरून बाहेर आली आणि पहिल्या टेबलाच्या टोकाला उभी राहिली. तिथे जनाबाई बसली होती. दुर्गाने तिच्या हातावर दोन खुणा केल्या. जनाबाईने शेजारच्या माणसाचा हात शोधला, त्याने पुढच्याचा. काहींना अक्षरं यायची, काहींना फक्त खुणा, कवडूसारख्यांना मनगटावरची बोटं. बातमी टेबलाच्या त्या टोकापर्यंत गेली, तिथे रीता वाढत होती, तिने ती पलीकडच्या ओळीत नेली.

दुर्गाला काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. तिचे दोन्ही तळहात टेबलावर होते. आधी एक ठोका आला. मग दोन. मग सबंध टेबल हलू लागलं, पत्रावळी सरकल्या, पाण्याचे गिलास नाचू लागले. बाकीची तीस माणसं हातांनी लाकूड बडवत होती. त्यातले जोरकस, एकाच लयीतले ठोके कवडूचे असणार. आणि अगदी तिच्याजवळ, तिच्या हाताला लागून, कोणीतरी चुकत चुकत बडवत होतं. तिने हात सरकवून पाहिलं. जाकिटाची बाही होती.

धनंजयने तिचा तळहात उलटा केला आणि बोटाने अक्षर काढायला सुरुवात केली. तो विसरला होता, थांबत होता, एक अक्षर पुसून दुसरं काढत होता. दुर्गाने घाई केली नाही. पहिला शब्द पूर्ण झाला. भिंत. मग दुसरा. बांधू. मग बराच वेळ घेऊन तिसरा. का.

"बांधाची," दुर्गा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "पन आधी मोहाडी. पुढच्या रविवारी मोटरसायकल घेऊन ये, मले मागं बसव." मग तिने टेबलावर तीनदा थाप मारली, आणि ठोके थांबले. "आता जेवा. तीन वाजता सभा पुन्हा बसन. दोन विषय राह्यले आहेत."